अलार्म वाजला की लगेच बंब बोलवायचा, की आधी बघून यायचं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. कोल्हापुरात नागाळा पार्कात पार्किंगवर सात मजल्यांची नवी इमारत आहे. बिल्डरने ऑटोमॅटिक फायर अलार्म बसवून दिलाय. महिन्यातून चार-पाच वेळा तो वाजतो आणि वॉचमन खाली बटण दाबून बंद करतो. परवा रात्री अकराच्या सुमारास वाजला तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या एका ताईंनी १०१ ला फोन केला. गाडी आली, जवान वरपर्यंत जाऊन आले, काही सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींनी ताईंना झापलं. आता तुम्ही विचारताय की दर वेळी फोन करायचा का आधी बघून यायचं, खोटी वर्दी दिली म्हणून काही कारवाई होते का, आणि परदेशात अलार्म थेट फायर ब्रिगेडला जातो तसं इथे का नाही.

मी फायरमन म्हणून लागलो आणि स्टेशन ऑफिसर म्हणून निवृत्त झालो. नोकरीची बरीच वर्षं कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत गेली. आता इमारतींच्या आगीच्या यंत्रणा तपासून देतो. अलार्मच्या वर्दीवर गाडीत बसून गेलोय, आणि आता त्याच अलार्मच्या पॅनेलसमोर, म्हणजे कुठे वाजलं ते दाखवणाऱ्या पेटीसमोर, उभं राहून तो का वाजतो हे शोधतो. त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगता येईल असं वाटतं.

ताईंचं काही चुकलं नाही, हे आधी सांगतो. रात्रीची वेळ, लोक झोपलेले, हूटर वाजतोय आणि वर जाऊन बघणारं कोणी ठरलेलं नाही. अशा वेळी १०१ लावणं हेच बरोबर. खोटी वर्दी म्हणजे काही घडलेलं नसताना त्रास द्यायला मुद्दाम केलेला फोन. इथे अलार्म खरोखर वाजत होता आणि ताईंनी तेवढंच सांगितलं. अशी वर्दी देणाऱ्यावर मी कधी आवाज चढवला नाही आणि हाताखालच्या पोरांनाही चढवू दिला नाही. एकदा चारचौघांत बोलणी खाल्लेला माणूस पुढच्या वेळी फोन हातात घेऊन नुसता बसून राहतो. तुमच्या इमारतीत आता फक्त ताईच नाही, ग्रुपवरचे सगळेच तसे बसून राहतील. सेक्रेटरींना हे जरूर दाखवा.

तुमच्या प्रश्नात मला खरी काळजी वेगळ्याच ठिकाणी वाटते. फोन करायचा की नाही हे नंतरचं. हूटर सुरू झाल्यापासून पहिल्या तीन मिनिटांत तुमच्याकडे कोण, कुठे, काय बघायला जातं? आजचं उत्तर असं आहे की कोणीच जात नाही, वॉचमन आवाज बंद करतो. महिन्यातून चार-पाच वेळा तुमची इमारत आग न बघता आवाज बंद करायचा सराव करतेय. ज्या दिवशी खरी आग असेल त्या दिवशीही हात त्याच बटणाकडे जाईल.

थेट जोडणीबद्दल सांगतो. आपल्याकडच्या बहुतेक इमारतींतलं पॅनेल फक्त इमारतीतच ओरडतं. त्याची वायर फायर स्टेशनपर्यंत येत नाही. मोठे कारखाने, मॉल यांची पॅनेलं त्यांच्याच सिक्युरिटी रूमला जोडलेली असतात, तिथूनही शेवटी माणूसच फोन करतो. हूटर वाजतोय म्हणजे बंब निघालाच असणार असं धरून खाली रस्त्यावर वाट बघत उभी असलेली माणसं मी पाहिली आहेत, आणि तोपर्यंत आम्हाला एकही फोन आलेला नव्हता. कोणीतरी १०१ किंवा ११२ लावेपर्यंत आम्हाला काहीही कळत नाही, हे इमारतीतल्या प्रत्येकाला माहीत हवं.

परदेशातलं तुम्ही ऐकलंय ते अर्धं खरं आहे. इंग्लंडमध्ये बऱ्याच इमारतींचे अलार्म एका खासगी केंद्रात जातात आणि ते केंद्र फायर ब्रिगेडला कळवतं. पण त्यात आग नसलेल्या वर्द्या इतक्या वाढल्या की लंडनच्या ब्रिगेडने २९ ऑक्टोबर २०२४ पासून नियम बदलला. सकाळी ७ ते रात्री ८.३० या वेळेत ऑफिस-दुकानांसारख्या बहुतेक इमारतींमधून नुसता ऑटोमॅटिक अलार्म आला तर गाडी जात नाही, कोणीतरी आग किंवा धूर पाहिल्याचं कळवावं लागतं. घरं आणि माणसं झोपतात अशा इमारतींना हा नियम नाही. म्हणजे थेट वायर असलेल्यांनाही शेवटी बघणारा माणूस लागलाच. आणि रात्र, झोप, राहती जागा इथे त्यांनीही धोका पत्करला नाही. या दोन्ही गोष्टी तुमच्या सोसायटीच्या कामाच्या आहेत.

आता आमच्याकडे काय होतं ते. १०१ चा फोन वॉच रूममध्ये बसलेला जवान उचलतो. तो विचारतो कुठे, जवळची खूण काय, काय जळतंय, कितवा मजला, कोणी अडकलंय का, तुमचा नंबर काय. शंका आली तर त्याच नंबरवर उलटा फोन करून खात्री करतो, पण त्यासाठी गाडी थांबवून ठेवत नाही. माझ्या काळात “अलार्म वाजतोय, आग दिसत नाही” एवढंच कळलं तर एक गाडी आणि ऑफिसर निघायचे. “धूर दिसतोय” म्हटलं की दुसरी गाडी, पाण्याचा टँकर. हॉस्पिटल, लॉज, हॉस्टेल, सिनेमागृह असं नाव ऐकलं की नुसत्या अलार्मलाही एकावर भागवत नव्हतो. शहराप्रमाणे आणि त्या वेळी हाताशी असलेल्या गाड्यांप्रमाणे हे बदलतं. पण फोनवर तुम्ही काय सांगता यावर स्टेशनातून काय निघणार हे ठरतं, एवढं सगळीकडे सारखंच.

८ ऑगस्ट २०२४ ची रात्र कोल्हापूरकर विसरणार नाहीत. केशवराव भोसले नाट्यगृह जळत होतं. १९१५ साली पॅलेस थिएटर म्हणून उभी राहिलेली, शाहू महाराजांची ती वास्तू. मी निवृत्त झालेलो, गर्दीत मागे उभा होतो, आणि नुसतं उभं राहणं मला जड जात होतं. शहरातल्या गाड्यांना बाहेरच्या गावांतून आलेल्या गाड्यांची जोड द्यावी लागली. अशा रात्री तुमच्या इमारतीतून फोन गेला असता तर वॉच रूममधल्या जवानाला उरलेल्या एखाद्या गाडीचा विचार करून निर्णय घ्यावा लागला असता. त्याला “अलार्म वाजतोय, लवकर या” एवढंच सांगणं आणि “चौथ्या मजल्याची लॉबी दाखवतंय, दोन माणसं वर गेलीत, जिन्यात जळका वास आहे” असं सांगणं यात फार अंतर आहे. दुसऱ्या वाक्यावर तो गाडीही जास्त पाठवेल आणि ऑफिसरला वाटेतच तयारीही करता येईल.

फोन असा करा. भाग, जवळचा चौक, इमारतीचं नाव, किती मजली. फायर अलार्म वाजतोय, पॅनेलवर अमुक मजला, अमुक जागा दाखवतंय. वर माणूस गेलाय, त्याला काय दिसलं किंवा अजून काही दिसलं नाही. माझा नंबर हा, मी गेटवर थांबतो. वीस सेकंदांत होतं. आणि बघून आल्यावर दुसरा फोन करा, आग असली तरी आणि नसली तरी. वाटेत असलेल्या गाडीला “कुकरची वाफ होती, सगळं ठीक आहे” असं कळलं तरी ऑफिसर बहुधा येऊन खात्री करून जाईल. त्यात वाईट वाटून घेऊ नका.

गाडी आली की ऑफिसर आधी पॅनेलकडे जातो आणि इथेच बहुतेक वेळा आमची अडचण होते. पॅनेल कोरं असतं, कारण कोणीतरी रिसेट केलेलं असतं. पॅनेलवरची तीन बटणं तुमच्या वॉचमनला वेगवेगळी कळली पाहिजेत. ॲक्नॉलेज म्हणजे “मी पाहिलं”. त्याने पॅनेलचा स्वतःचा बझर थांबतो. सायलेन्स म्हणजे इमारतीतले हूटर बंद. रिसेट म्हणजे सगळं पुसून यंत्रणा पुन्हा पहिल्यासारखी. ॲक्नॉलेज लगेच दाबायला हरकत नाही. सायलेन्स जागेवर जाऊन बघितल्याशिवाय दाबायचं नाही. आणि रिसेट कारण सापडल्याशिवाय नाही. गाडी बोलावली असेल तर ऑफिसर पॅनेल बघेपर्यंत तर अजिबातच नाही. नव्या ॲड्रेसेबल पॅनेलमध्ये, म्हणजे प्रत्येक उपकरण वेगळं दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये, जुन्या नोंदी साठवलेल्या असतात, त्या काढता येतात, पण मध्यरात्री मेन्यूमध्ये शोधत बसायला कोणाला वेळ नसतो. जुन्या झोनवाल्या, म्हणजे फक्त इमारतीचा भाग दाखवणाऱ्या पॅनेलमध्ये एकदा रिसेट केलं की गेलं. मग सातही मजले, गच्ची, लिफ्टची खोली, मीटर रूम असं सगळं पायी धुंडाळावं लागतं. परवा जवान “वरपर्यंत जाऊन आले” असं तुम्ही लिहिलंय, त्यावरून तुमच्याकडेही हेच झालं असावं.

रिसेटचा एक अनुभव सांगतो. नवरात्रातली रात्र, देवळाच्या परिसरातलं एक लॉज, यात्रेकरूंनी भरलेलं. संध्याकाळपासून अलार्म तीनदा वाजला आणि तीनदा काउंटरवरच्या पोराने रिसेट केला. चौथ्यांदा समोरच्या दुकानदाराला खिडकीतून धूर दिसला आणि त्याने आम्हाला कळवलं. चादरी-टॉवेल ठेवायच्या खोलीत इस्त्री चालू राहिली होती आणि कापडाचा गठ्ठा आतल्या आत धुमसत होता. माणसं सगळी सुखरूप निघाली, दोन म्हाताऱ्यांना मात्र उचलून खाली आणावं लागलं, त्यांना चांगलाच धूर लागला होता. पोराला विचारलं तर म्हणाला, “सायेब, रोजच वाजतंय हो ते.” त्याला पॅनेल वाचायला कोणी शिकवलंच नव्हतं.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर. ते इमारत, वेळ आणि पॅनेल काय दाखवतंय यावर अवलंबून आहे.

बघायला न थांबता आधी फोन करायचे प्रसंग माझ्या मते हे. रात्री लोक झोपलेले असताना. एकापेक्षा जास्त डिटेक्टर, म्हणजे धूर किंवा उष्णता टिपणारी उपकरणं, लागले असतील तर, कारण दोन वेगळ्या ठिकाणी एकाच वेळी धूळ बसणं अवघड असतं. काच फोडून दाबायची लाल डबी कोणीतरी दाबली असेल आणि दाबणारा समोर नसेल तर. कदाचित त्याने आग पाहिली आणि तो पळाला. स्प्रिंकलरचा फ्लो स्विच, म्हणजे पाइपातून पाणी वाहिलं की कळवणारा स्विच, लागला असेल तर. स्प्रिंकलरमध्ये लाल द्रव भरलेली काचेची नळी साधारण ६८ अंशाला फुटते, म्हणजे पाणी वाहत असेल तर तिथे बहुधा खरोखर उष्णता आहे. पंप सुरू होताना दाबाच्या धक्क्यानेही फ्लो स्विच कधी कधी लागतो, पण ते नंतर शोधू. तळघर असेल तर. जळका वास किंवा धूर असेल तर अर्थातच. आणि वर जायला धडधाकट, शिकवलेला माणूस नसेल तर. ताईंच्या प्रसंगात यातली पहिली आणि शेवटची गोष्ट होती.

हॉस्पिटलात तर “आधी बघू” हा विचारच करू नये. ९ डिसेंबर २०११ ला कोलकात्यात एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातला धूर वरच्या वॉर्डांत चढला आणि नव्वदच्या आसपास माणसं गेली. फायर ब्रिगेडला कळवायला उशीर झाला होता. आपल्या भंडाऱ्यात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे नवजात बाळांच्या कक्षात आग लागली आणि दहा बाळं दगावली. जे स्वतःच्या पायाने बाहेर येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी एकेक मिनिट मोजावं लागतं. हे लिहितानाही हात थांबतो, पण एखाद्या दवाखान्याच्या ट्रस्टीने हे वाचलं तर त्याच्यापर्यंत पोचावं म्हणून लिहितोय.

दिवसाची वेळ आहे, एकच डिटेक्टर लागलाय, वास नाही, शिकवलेली दोन माणसं हजर आहेत, तर आधी जाऊन बघायला माझी हरकत नाही. त्याला मर्यादा दोन ते तीन मिनिटांची. तेवढ्यात वर गेलेल्याचा फोन आला नाही तर खाली असलेल्याने त्याची वाट न बघता १०१ लावायचा. फोमचे सोफे, गाद्या, पडदे असलेली आजची खोली चार-पाच मिनिटांत पूर्ण पेटू शकते. आमची गाडी संध्याकाळच्या वेळी दाभोळकर कॉर्नर ओलांडून तुमच्याकडे येईपर्यंतचा वेळ त्यात धरून बघा, म्हणजे मी दहा मिनिटं का देत नाही ते कळेल.

बघायला जाताना दोघांनी जायचं, जिन्याने जायचं, लिफ्ट नाही. मोबाईल, टॉर्च आणि वाटेतलं एक फायर एक्स्टिंग्विशर. मजल्यावर पोचलात की आधी वास, मग कान. बंद दाराला हाताची मागची बाजू लावा. दार गरम असेल किंवा फटीतून धूर येत असेल तर ते उघडायचं नाही. उघडलंत तर आत गुदमरलेली आग हवा मिळून तुमच्या अंगावर येईल. त्या मजल्यावरच्या आणि वरच्या लोकांना दार ठोठावून जिन्याने खाली काढा आणि तुम्हीही उतरा. धुरात शिरायचं काम आमचं, आमच्या पाठीवर हवेची टाकी असते. फ्लॅट कुलूपबंद असेल आणि अलार्म त्याच्याच दाराजवळचा असेल तर मालक येईपर्यंत थांबू नका, फोन करा. दार फोडायचं का ते ऑफिसर ठरवेल.

इथपर्यंतचं एवढं ध्यानात ठेवलंत तरी पुरे: रात्री किंवा शंका असेल तर आधी फोन, दिवसा एकच डिटेक्टर असेल तर तीन मिनिटांत बघून फोन, आणि कोणत्याही परिस्थितीत बघायच्या आधी रिसेट नाही. आता महिन्यातून चार-पाच वेळा वाजण्याचं बघू, कारण ते थांबल्याशिवाय वरचं काहीही टिकणार नाही.

विनाकारण वाजणारा अलार्म मला फारसा भेटलेला नाही. कारण असतं, ते आग नसते इतकंच. आणि कधी कधी आगही असते, फक्त अजून पेटायची असते. राजारामपुरीतल्या एका सात मजली इमारतीत, खाली दुकानं वर फ्लॅट, सहाव्या मजल्याच्या लॉबीतला डिटेक्टर सारखा लागायचा. देखभाल करणाऱ्यांनी तो दोनदा बदलला. नवा बसवला तरी आठवड्यात पुन्हा तेच. मला बोलावलं तेव्हा मी रजिस्टर मागितलं, तर नव्हतं. पण वॉचमन मामांनी दुधाचा हिशेब लिहायच्या कॅलेंडरवर प्रत्येक वेळी वेळ टिपून ठेवली होती. बघतो तर सगळ्या वेळा संध्याकाळी सात ते नऊच्या मधल्या. एकही सकाळची नाही, दुपारची नाही. एप्रिल महिना होता.

संध्याकाळी सातला इमारतीत काय बदलतं? लोक घरी येतात, एसी, गीझर, ओव्हन सुरू होतात, विजेचा भार चढतो. त्या डिटेक्टरपासून चार फुटांवर विजेच्या डक्टचं, म्हणजे तारा खालून वर नेणाऱ्या उभ्या पोकळीचं, दार होतं. मी सात वाजता तिथे जाऊन उभा राहिलो. साडेसातला मासळीसारखा एक वास आला, तापलेल्या प्लास्टिकचा असा वास येतो. वायरमनकडून डक्ट उघडून घेतला तर एका जोडाचं बोल्ट सैल झालेलं, आवरण तपकिरी होऊन सोलायला लागलेलं. भार चढला की जोड तापायचा, थोडा धूर निघायचा, डिटेक्टर तो टिपायचा. भार उतरला की सगळं शांत. आमची गाडी तिथे दोनदा येऊन “काही नाही” म्हणून परत गेली होती, कारण गाडी पोचेपर्यंत पॅनेल रिसेट आणि धूर विरलेला. त्या मामांनी कॅलेंडरवर वेळा लिहिल्या नसत्या तर तो डक्ट एका रात्री सातही मजले उभा पेटला असता. मी तेव्हापासून प्रत्येक सोसायटीत आधी रजिस्टर ठेवायला लावतो.

रजिस्टर म्हणजे साधी दोनशे पानी वही. तारीख, वेळ, पॅनेलवर आलेले शब्द जसेच्या तसे, कोण बघायला गेलं, काय दिसलं, त्या वेळी इमारतीत काय चालू होतं, रिसेट कोणी आणि किती वाजता केलं. पॅनेलचा मोबाईलवर फोटो काढला तर आणखी बरं. दोन महिन्यांत चित्र आपोआप दिसतं.

आपल्या भागात जी कारणं मला वारंवार सापडतात ती सांगतो, तुमचं त्यातच असेल असं वाटतं. नव्या इमारतीत पहिला संशय धुळीवर. तुमच्याकडे अजून फ्लॅटची फर्निचरची कामं चालू असणार, पीओपी घासणं, फरशी कापणं. धुराच्या डिटेक्टरमध्ये एक छोटा दिवा असतो आणि त्याचा उजेड थेट पडणार नाही अशा कोनात एक डोळा बसवलेला असतो. धुराचे कण आत शिरले की उजेड विखुरतो, डोळ्याला दिसतो आणि अलार्म होतो. धुळीने, वाफेने, किड्यांनीही उजेड तसाच विखुरतो, डिटेक्टरला त्यातला फरक कळेलच असं नाही. पावसाळ्यात उजेडाला येणारे किडे आणि कोळ्यांची जाळी हे आपल्याकडचं मोठं कारण. कोल्हापूरचा जुलै-ऑगस्टचा दमटपणा तारांच्या जोडांत उतरतो, तेही कारण. डेंग्यूच्या दिवसांत औषधाच्या धुराची फवारणी होते, तो धूर पार्किंगमधून जिन्याने वर चढतो. मग धूप, उदबत्ती. आणि रविवारी सकाळी तांबड्या रश्श्याची फोडणी, स्वयंपाकघराचं दार उघडं, समोरच लॉबीतला डिटेक्टर.

उपाय त्या त्या कारणावर करा. स्वयंपाकघरात किंवा त्याच्या तोंडावर धुराचा डिटेक्टर असेल तर तिथे उष्णतेवर चालणारा बसवून घ्या किंवा जागा बदलून घ्या. जाळी-धूळ असेल तर सगळे डिटेक्टर काढून साफ करून घ्या, नुसतं वरून फडकं मारून होत नाही. काम चालू असेल तर फक्त त्या जागेचा डिटेक्टर तेवढ्या तासांपुरता पॅनेलवर आयसोलेट, म्हणजे तात्पुरता बंद करा, पॅनेलवर चिठ्ठी लावा, तिथे एक माणूस लक्ष ठेवायला ठेवा आणि संध्याकाळी काम थांबलं की पुन्हा चालू करून चिठ्ठी काढा. डिटेक्टरला प्लास्टिकची पिशवी बांधलेली मी अनेक ठिकाणी पाहतो, काम संपून वर्ष झालं तरी पिशवी तशीच. पूर्ण झोन किंवा सगळे हूटर बंद करून ठेवणं तर कधीच नको.

तंत्रज्ञ तुम्हाला एक सोय सुचवेल. एका डिटेक्टरने धूर पाहिला की यंत्रणा काही सेकंद थांबून पुन्हा तपासते, किंवा दुसऱ्याने दुजोरा दिल्यावरच पूर्ण इमारतीत हूटर वाजवते. चांगली सोय आहे, पण पहिला इशारा कोणीतरी चोवीस तास ऐकत असेल तरच. रात्री पॅनेलपाशी जागा माणूस नसेल तर तो वाया गेलेला वेळ आगीला मिळतो. आधी साफसफाई, मग वही, आणि तरीही भागलं नाही तरच याकडे वळा.

देखभालीबद्दल कायदा स्पष्ट आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवायची जबाबदारी इमारतीच्या मालकाची किंवा भोगवटादाराची, म्हणजे आता तुमच्या सोसायटीची. दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून तपासून घेऊन बी फॉर्म, म्हणजे यंत्रणा चालू असल्याचा दाखला, द्यायचा असतो. बिल्डरकडून ताबा घेताना पॅनेलचे पासवर्ड, डिटेक्टर कुठे कुठे आहेत त्याचा नकाशा आणि एजन्सीचं प्रमाणपत्र घेतलं का बघा. नकाशा नसेल तर पॅनेल “डिव्हाइस २३” म्हणेल आणि ते कुठे आहे हे इमारतीत कोणालाच माहीत नसेल. बी फॉर्मवर सही करायला आलेल्या माणसाला तुमच्यासमोर दोन-चार डिटेक्टर धूर देऊन वाजवून दाखवायला सांगा. कागद भरून निघून जाणारेही असतात.

वॉचमनला शिकवायला एक रविवार पुरतो. त्याच्यासमोर अलार्म वाजवा, पॅनेल वाचायला लावा, तो मजला शोधायला लावा. मराठीत मोठ्या अक्षरांत मजला आणि जागा लिहून तक्ता पॅनेलशेजारी चिकटवा, इंग्रजीतली अक्षरं त्याला घाईत लागतीलच असं नाही. आणि सगळ्यांदेखत त्याला सांगा, “मामा, शंका आली की १०१ लावा. कोणाला विचारत बसू नका, कोण काही बोललं तर आम्ही बघतो.” पगारी माणसाला हा शब्द मिळालेला नसतो म्हणूनच तो बटण दाबतो. रात्रपाळीचा वेगळा असेल तर त्यालाही वेगळं शिकवा, आणि माणूस बदलला की पुन्हा.

एक राहिलं, किल्ल्यांचं. प्रत्येक मजल्याचा विजेचा डक्ट, मीटर रूम, पंप रूम, गच्ची, लिफ्टची खोली यांच्या किल्ल्या नावाच्या चिठ्ठ्या लावून एका डब्यात पॅनेलजवळ ठेवा. ऑफिसर पॅनेल वाचून वळतो तेव्हा त्याला तो डबा हातात मिळाला पाहिजे. गच्चीची किल्ली चेअरमनच्या घरी आणि चेअरमन गावाला, असं बऱ्याच इमारतींत असतं. आज घरी गेल्यावर तुमची कुठे आहे तेवढं बघा. आणि मागच्या चार-पाच वेळा अलार्म किती वाजता वाजला होता हे वॉचमनला किंवा शेजाऱ्यांना आठवत असेल तर इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगता येईल.